सायकल ट्रेनर

सायकल ट्रेनर हे सायकल एका जागी स्थिर ठेवून तिच्यावर बसून पायडल मारता यावे, यासाठी वापरले जाणारे उपकरण आहे. या उपकरणात सायकलचे मागचे चाक एका फिरत्या दांड्यावर टेकवले जाते, किंवा ते चाक काढून सायकलची साखळी थेट उपकरणाला जोडली जाते. पायडल मारताना चुंबक, द्रव अथवा हवा यांच्या साहाय्याने रोध निर्माण केला जातो. त्यामुळे रस्त्यावरील चढ, वारा व घर्षण यांच्याशी मिळताजुळता श्रम घरातल्या घरात करता येतो. पावसाळा, तीव्र उन्हाळा, रहदारी किंवा वेळेची अडचण असताना सराव अखंड राहावा, शर्यतीपूर्वी शरीर तापवावे, तसेच दुखापतीनंतर नियंत्रित व्यायाम करावा, या हेतूंनी ट्रेनर वापरला जातो.

## नाव व व्याप्ती

मराठीत या उपकरणाला अद्याप सर्वमान्य प्रतिशब्द रूढ झालेला नाही. बाजारात व सायकलपटूंच्या बोलण्यात 'ट्रेनर' किंवा 'इनडोअर ट्रेनर' हेच शब्द आढळतात. ब्रिटनमध्ये याला 'टर्बो ट्रेनर' असेही म्हणतात. सायकल उभी करण्याच्या साध्या स्टँडशी त्याची गल्लत होऊ नये. स्टँडवर मागचे चाक मोकळे फिरते व त्याला रोध नसतो, त्यामुळे त्यावर पायडल मारून व्यायाम असा घडत नाही. शिवाय असा स्टँड बसलेल्या माणसाचा भार पेलण्यासाठी बनवलेला नसल्याने तो घसरण्याचा धोका असतो.

व्यायामशाळेत दिसणारी व्यायामाची सायकल हे वेगळे उपकरण आहे. तिची चौकट, सीट व हँडल कायमचे एकत्र जोडलेले असतात आणि ती रस्त्यावर नेता येत नाही. ट्रेनरवर मात्र वापरणाऱ्याची नेहमीची सायकलच बसवली जाते. परिणामी शरीराला सवय झालेली बैठक तशीच राहते.

## इतिहास

एका जागी बसून हातापायांनी चाके फिरवण्याच्या व्यायामयंत्राची कल्पना सायकलपेक्षाही जुनी आहे. लंडनमध्ये फ्रान्सिस लाउंडेस याने १७९६ मध्ये 'जिम्नॅस्टिकॉन' नावाच्या अशा यंत्राचे पेटंट घेतले. कार्ल फोन ड्राइस याची पायांनी ढकलायची दुचाकी त्यानंतर, १८१७ मध्ये अवतरली. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिक या जहाजाच्या व्यायामशाळेतही स्थिर सायकली बसवलेल्या होत्या.

रोलर हा ट्रेनरचा जुना प्रकार होय. तीन दंडगोलांवर सायकल ठेवून तोल सांभाळत पायडल मारण्याची ही पद्धत ट्रॅकवरील सायकलपटूंनी प्रथम अंगीकारली. विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये रोलरवरील शर्यती प्रेक्षकांसमोर होत असत. संगणकाशी जोडलेल्या ट्रेनरचा प्रारंभ अमेरिकेतील रेसरमेट या कंपनीच्या 'कॉम्प्युट्रेनर'पासून मानता येतो. १९८६ मध्ये आलेले हे उपकरण २०१७ पर्यंत तयार होत होते. २०१२ मध्ये वाहू या कंपनीने 'किकर' हा मागचे चाक काढून जोडायचा स्मार्ट ट्रेनर आणला. २०१४ मध्ये 'झ्विफ्ट' या आभासी रस्त्यांच्या प्रणालीची चाचणी आवृत्ती उपलब्ध झाली आणि घरातील एकाकी सरावाला सामूहिक रूप येऊ लागले.

२०२० मधील करोना साथीच्या काळात जगभर घरातील व्यायामाच्या साधनांची मागणी वाढली. भारतात २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाल्यावर बाहेरची सायकलफेरी थांबली आणि अनेक हौशी सायकलपटूंना ट्रेनरची ओळख त्याच काळात झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने ट्रेनरवरील पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. तीत पुरुष गटात जर्मनीचा जेसन ऑस्बोर्न व महिला गटात दक्षिण आफ्रिकेची ॲशली मूलमन-पासियो विजयी झाले.

## कार्यपद्धती

ट्रेनरचे कार्य दोन गोष्टींवर चालते: रोध आणि जड चाक. रोधामुळे पायांना काम करावे लागते. जड चाक, म्हणजेच फ्लायव्हील, एकदा गती घेतल्यावर ती काही काळ टिकवून धरते. पायडल मारताना पाय वर-खाली असताना जोर कमी पडतो. त्या क्षणी जड चाक गती राखते व रस्त्यावर चालवल्यासारखा सलग अनुभव देते. हे चाक हलके असल्यास प्रत्येक फेरीत पायाला झटका जाणवतो.

चुंबकीय ट्रेनरमध्ये फिरणारी धातूची चकती चुंबकांजवळून जाते. चकतीत विद्युतप्रवाहाचे भोवरे निर्माण होतात व ते गतीला विरोध करतात. यात घासणारा भाग नसल्याने झीज कमी होते. द्रव ट्रेनरमध्ये बंद पेटीतील तेलासारख्या द्रवात पाती फिरतात. वेग वाढेल तसा रोध झपाट्याने वाढतो. वेग दुप्पट केल्यास लागणारी शक्ती जवळपास आठपट होते. रस्त्यावर वाऱ्याचा विरोधही याच रीतीने वाढत असल्याने द्रव ट्रेनरचा अनुभव नैसर्गिक वाटतो. हवेच्या रोधाच्या ट्रेनरमध्ये पंख्याची पाती असतात. त्याचा आवाज सर्वांत अधिक असतो.

पायांनी निर्माण केलेली शक्ती वॅट या एककात मोजतात. उदाहरणार्थ, ६० किलो वजनाच्या व्यक्तीने १२ किलोची सायकल पाच टक्के चढावर ताशी १० किलोमीटर वेगाने नेल्यास सुमारे ११५ वॅट शक्ती लागते. रस्त्यावर वेग हा वारा, उतार व टायर यांवर अवलंबून असतो, तर वॅट हे केलेल्या श्रमाचे थेट माप आहे. ट्रेनरवरील वेग व अंतराचे आकडे यामुळेच फारसे विश्वसनीय मानले जात नाहीत.

## प्रकार

रोलर: सायकल कुठेही आवळलेली नसते. तोल, सरळ रेषेत चालवणे व पायांची सफाईदार गती यांसाठी हा प्रकार उत्तम आहे. तथापि नवख्याने तो प्रथम निवडू नये. निवडल्यास भिंतीलगत किंवा दाराच्या चौकटीत, आधार मिळेल अशा जागी शिकावे.

व्हील-ऑन ट्रेनर: यात मागच्या चाकाचा आस दोन्ही बाजूंनी चौकटीत आवळून टायर एका लहान दांड्यावर दाबला जातो. हा प्रकार स्वस्त, हलका व घडी करून ठेवता येण्याजोगा आहे. टायरची झीज, घरघर व अधूनमधून घसरणारा टायर हे त्याचे दोष होत.

डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर: मागचे चाक काढून सायकल थेट ट्रेनरवर बसवतात. ट्रेनरवर कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच असतो व साखळी त्यावरून फिरते. टायर वापरात नसल्याने घसरण नाही, आवाज कमी आणि मापन अधिक अचूक. हा प्रकार जड व महाग असतो. नवख्याच्या गिअरच्या सायकलपेक्षा ट्रेनरची किंमत अधिक, असेही अनेकदा घडते.

स्मार्ट ट्रेनर: वरील दोन्ही जोडणी-प्रकारांत स्मार्ट आवृत्त्या मिळतात. त्या ब्लूटूथ किंवा ॲन्ट प्लस या बिनतारी पद्धतीने मोबाइल अथवा संगणकाशी जोडल्या जातात. पडद्यावर चढ आला की रोध आपोआप वाढतो. उत्पादकांच्या दाव्यानुसार व्हील-ऑन स्मार्ट ट्रेनरचे शक्तिमापन साधारण तीन ते पाच टक्क्यांच्या आत, तर डायरेक्ट ड्राइव्हचे एक ते अडीच टक्क्यांच्या आत अचूक असते. केवळ आकडे पाठवणारे व रोध स्वतः बदलू न शकणारे ट्रेनरही 'स्मार्ट' नावाने विकले जातात. हा भेद खरेदीपूर्वी स्पष्ट करून घ्यावा.

## निवड

### सायकलशी जुळणी

पहिला प्रश्न ट्रेनर कोणता हा नसून, घरातील सायकल त्यावर बसेल काय, हा आहे. मराठवाड्यात आजही दिसणारी पारंपरिक काळी सायकल नटांनी आवळलेल्या आसाची, जड व मडगार्ड-कॅरिअरने युक्त असते. ती बहुतेक ट्रेनरवर जशीच्या तशी बसत नाही. व्हील-ऑन ट्रेनर सामान्यतः खटक्याने उघडणाऱ्या क्विक रिलीज आसासाठी बनवलेले असतात. नटांच्या आसासाठी त्याच मापाचे विशेष नट किंवा जोडभाग लागतात. नव्या सायकलींतील आरपार जाणाऱ्या थ्रू-ॲक्सलसाठी १२ मिलिमीटर व्यासाचा, योग्य लांबीचा वेगळा आस घ्यावा लागतो.

चाकाचा आकारही पाहावा. बहुतांश व्हील-ऑन ट्रेनर २६ इंच ते ७०० सी अथवा २९ इंच चाकांसाठी असतात. लहान मुलांच्या २० इंची सायकली त्यांवर बसत नाहीत. माउंटन बाइकचे खडबडीत टायर दांड्यावर मोठा आवाज करतात व लवकर झिजतात. त्याऐवजी गुळगुळीत टायर लावावा.

डायरेक्ट ड्राइव्हसाठी मागच्या चकत्यांची संख्या महत्त्वाची ठरते. ट्रेनरवरील प्रचलित जोडणीवर ८ ते ११ चकत्यांची कॅसेट बसते. २१ गिअरच्या प्रारंभिक सायकलींत मागे सात चकत्या असतात. सात चकत्यांची कॅसेट त्याच जोडणीवर योग्य जाडीची चकती मध्ये घालून बसवता येते. तथापि अशा अनेक सायकलींत कॅसेटऐवजी आट्यांवर फिरवून बसवलेले फ्रीव्हील असते व ते ट्रेनरवर हलवता येत नाही. कॅसेट वेगळी विकत घ्यावी लागते. पुष्कळ ट्रेनरसोबत ती येतच नाही, हा खर्च आधीच धरावा. चौकट कार्बनची असल्यास ट्रेनरवरील वापर हमीत बसतो की नाही, हे सायकलच्या उत्पादकाकडून विचारून घ्यावे.

### आवाज व जागा

सदनिकेत राहणाऱ्यांसाठी हा निकष निर्णायक ठरतो. कानाला ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा स्लॅबमधून खाली जाणारी थरथर शेजाऱ्यांना अधिक त्रासदायक होते. डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरचा स्वतःचा आवाज कमी असला, तरी साखळीची खळखळ व जोरकस पायडलांची कंपने उरतातच. जाड रबरी चटई, भिंतीपासून अंतर व पहाटेऐवजी सोयीची वेळ, हे उपाय उपयुक्त आहेत. सायकल, पंखा व चढण्या-उतरण्याची मोकळीक धरून सुमारे दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद जागा असावी.

### वीज

साधा चुंबकीय किंवा द्रव ट्रेनर विजेशिवाय चालतो. बहुतेक स्मार्ट ट्रेनरला रोध बदलण्यासाठी वीज लागते. वीज गेल्यास काही ट्रेनर स्थिर रोधावर चालत राहतात, तर काहींचा रोध जवळजवळ नाहीसा होतो. वारंवार भारनियमन होणाऱ्या भागात ही माहिती खरेदीपूर्वी घ्यावी. परदेशातून आणलेल्या ट्रेनरचा ॲडॉप्टर २३० व्होल्ट पुरवठ्यावर चालतो काय, हे त्यावरील छापील मजकुरातून पडताळावे.

### हेतू व खर्च

आठवड्यातून तीन-चार दिवस अर्धा तास आरोग्यासाठी पायडल मारणाऱ्यास साधा व्हील-ऑन द्रव किंवा चुंबकीय ट्रेनर पुरतो. हृदयगती दाखवणारा पट्टा व भिंतीवरचे घड्याळ जोडीला असले की शिस्तबद्ध सराव होतो. दीर्घ अंतराच्या स्पर्धेची तयारी करणाऱ्यास शक्तिमापन उपयोगी पडते. केवळ पडद्यावरील चित्रांच्या आकर्षणाने महागडा ट्रेनर घेणाऱ्याने, मोबाइल प्रणालींपैकी पुष्कळांना मासिक शुल्क असते, हेही ध्यानी घ्यावे. काही प्रणाली विनामूल्यही आहेत. घरात कोणाकडेच चालवण्याजोगी सायकल नसेल किंवा उंचीने भिन्न अशा अनेक व्यक्ती वापरणार असतील, तर ट्रेनरपेक्षा सीट व हँडल सहज हलवता येणारी व्यायामाची सायकलच सोयीची ठरते.

अनेक घरांत ट्रेनर काही महिन्यांनी कपडे वाळत घालण्याच्या कामी येतो. म्हणून शक्य असल्यास परिचिताचा ट्रेनर पंधरा दिवस वापरून पाहणे शहाणपणाचे होय. जुना ट्रेनर विकत घेताना दांडा सरळ फिरतो की नाही, बेअरिंगमधून खरखर येते काय, द्रवाच्या पेटीखाली तेलाचे डाग आहेत काय, मूळ ॲडॉप्टर व मागचा आस सोबत आहे काय, आणि स्मार्ट ट्रेनर मोबाइलशी खरोखर जोडला जातो काय, हे समक्ष पाहावे.

## मांडणी व जोडणी

ट्रेनर सपाट जमिनीवर ठेवून त्याचे पाय पूर्ण उघडावेत. व्हील-ऑन ट्रेनरसोबत येणारा पोलादी आसच वापरावा. सायकलचा मूळ हलका आस चौकटीच्या पकडीत नीट बसेलच असे नाही. सायकल आवळल्यावर ती दोन्ही बाजूंना हलवून पाहावी. टायरमध्ये दर वेळी सारखाच दाब भरावा. दांडा टायरला टेकल्यानंतर खुंटी उत्पादकाने सांगितलेल्या मात्रेत, साधारणतः दोन-तीन फेरे आवळतात. जोराने पायडल मारल्यावर टायर घसरत असेल, तर दाब अपुरा आहे. सायकल अतिशय जड जात असेल, तर दाब अधिक आहे. व्यायाम संपल्यावर दांडा मोकळा करावा, अन्यथा टायरवर सपाट चट्टा पडतो.

व्हील-ऑन ट्रेनरवर मागचे चाक उचलले जाते व सायकल पुढे कलते. सारा भार हातांवर येऊ नये म्हणून पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवतात. थांबण्यासाठी ब्रेक आवळू नये. पायडल मारणे हळूहळू कमी करून चाक आपोआप थांबू द्यावे.

फिरती साखळी, आरे व जड चाक यांत बोटे अडकण्याचा धोका गंभीर आहे. पायडल थांबवल्यावरही जड चाक काही काळ फिरतच राहते. लहान मुले असलेल्या घरी सरावाच्या वेळी खोलीचे दार बंद असावे. ओढणी, पदर, लेंग्याची नाडी किंवा सैल पायजमा साखळीजवळ येऊ देऊ नये.

## बसण्याची ठेवण

रस्त्यावर खाचखळग्यांमुळे शरीर सतत थोडे हलते. ट्रेनरवर ते एकाच ठिकाणी राहते. त्यामुळे सीटची किरकोळ चूकही येथे लवकर जाणवते. सीटची उंची ठरवण्याची सोपी रीत अशी: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल सर्वांत खाली असताना पाय सरळ होईल इतकी उंची ठेवावी. मग पावलाचा पुढचा भाग पायडलवर ठेवल्यावर गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. हा बाक सुमारे २५ ते ३५ अंशांचा असावा, असे मानले जाते. दुसरी रीत पायाच्या मापाची आहे. जमिनीपासून जांघेपर्यंतची उंची ०.८८३ ने गुणल्यास पायडलांच्या मध्य-आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंदाजी अंतर मिळते. ७५ सेंटिमीटर मापाच्या व्यक्तीसाठी ते सुमारे ६६ सेंटिमीटर येते.

गुडघ्याच्या पुढच्या बाजूस दुखत असल्यास सीट बहुधा खाली असते, मागच्या बाजूस दुखत असल्यास बहुधा वर असते. बदल एका वेळी चार-पाच मिलिमीटरपेक्षा अधिक करू नये. दर दहा मिनिटांनी काही क्षण पायडलवर उभे राहिल्यास सीटवरील दाब कमी होतो. बैठकीच्या भागात बधिरता जाणवली, तर ती सोसत बसू नये.

## उष्णता, वारा व पाणी

ट्रेनरवरील सरावात सर्वाधिक दुर्लक्ष याच बाबीकडे होते. मानवी शरीर खर्च केलेल्या ऊर्जेपैकी सुमारे एक पंचमांश ते एक चतुर्थांश भागच पायडलपर्यंत पोहोचवते. उरलेल्या भागाची उष्णता होते. १५० वॅट शक्तीने पायडल मारणारी व्यक्ती त्याच वेळी सुमारे साडेचारशे ते सहाशे वॅट उष्णता खोलीत सोडत असते. रस्त्यावर वेगामुळे मिळणारा वारा ती वाहून नेतो. बंद खोलीत तो वारा नसतो. म्हणून पंखा ही ट्रेनरवरील सरावाची आवश्यक अट आहे. छताच्या पंख्यापेक्षा समोरून छातीवर व चेहऱ्यावर येणारा जमिनीवरचा पंखा अधिक उपयोगी पडतो.

छत्रपती संभाजीनगर व एकूण मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर जाते, पण हवा कोरडी असते. कोरड्या हवेत घाम लवकर वाळतो आणि वाळ्याचा किंवा लाकडी काड्यांचा कूलर चांगला चालतो. मात्र कूलर लावताना समोरची खिडकी उघडी असणे आवश्यक आहे. बंद खोलीत आर्द्रता साचते, घाम वाळत नाही आणि कूलरचा उद्देशच हरतो. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत हवा मुळातच दमट असल्याने कूलरऐवजी नुसता पंखा वापरावा. उन्हाळ्यात सरावासाठी पहाट उत्तम. स्लॅबच्या वरच्या मजल्यावरील खोल्या दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत उष्ण राहतात, हे ध्यानी घेता संध्याकाळची वेळ तितकी सोयीची नाही.

तासाभरात अर्धा ते दीड लिटर घाम जाऊ शकतो. पाण्याची बाटली हाताशी ठेवून दर दहा-पंधरा मिनिटांनी घोट घ्यावेत. तासापेक्षा दीर्घ सरावात पाण्यासोबत मीठ व साखरही लागते. लिंबू सरबत किंवा पन्हे यांनी ती गरज घरगुती रीतीने भागते. अंगावर शहारे येणे, डोके दुखणे, मळमळ किंवा घाम अचानक थांबणे ही उष्माघाताकडे नेणारी लक्षणे असू शकतात. अशा वेळी तत्काळ उतरून शरीर थंड करावे व वैद्यकीय मदत घ्यावी.

## नवख्यांचा सराव

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम, अथवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र व्यायाम करावा. नवख्याने हे उद्दिष्ट पहिल्याच आठवड्यात गाठण्याचा हट्ट धरू नये. ट्रेनरवर उतार नसतो व विनाश्रम पुढे जाणेही नसते. म्हणून येथील तीस मिनिटे रस्त्यावरील तीस मिनिटांपेक्षा अधिक श्रमाची भरतात.

प्रारंभीचा एक सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे ठेवता येतो:

- पहिला आठवडा: तीन दिवस, प्रत्येकी २० मिनिटे.
- दुसरा आठवडा: तीन दिवस, प्रत्येकी २५ मिनिटे.
- तिसरा आठवडा: चार दिवस, प्रत्येकी २५ मिनिटे.
- चौथा आठवडा: चार दिवस, प्रत्येकी ३० मिनिटे.

अशा रीतीने महिनाअखेर आठवड्याची १२० मिनिटे होतात. पुढे एक दिवस वाढवल्यास १५० मिनिटांचे उद्दिष्ट गाठले जाते. प्रत्येक सरावात पहिली व शेवटची पाच मिनिटे हलक्या रोधावर घालवावीत. पायडलांच्या फेऱ्या मिनिटाला ७० ते ८५ असाव्यात. याहून कमी फेऱ्यांनी जड गिअर ओढल्यास गुडघ्यांवर ताण येतो.

श्रमाची पातळी ओळखण्यासाठी बोलण्याची कसोटी पुरेशी आहे. पूर्ण वाक्य बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम श्रम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तो तीव्र श्रम. पहिला महिना मध्यम श्रमातच राहावे. त्यानंतर एक मिनिट जोरकस व दोन मिनिटे हलके, अशी पाच-सहा आवर्तने आठवड्यातून एकदा घेता येतात. वीस मिनिटे कमाल श्रम करून शक्तीची मर्यादा मोजण्याची जी चाचणी सायकलपटूंत प्रचलित आहे, ती नवख्यासाठी नाही.

कंटाळा हा ट्रेनरचा मोठा शत्रू मानला जातो. संगीत, व्याख्याने, ध्वनिपुस्तके किंवा आभासी रस्ते यांनी तो सुसह्य होतो. वेळ ठरलेली असणे व सायकल कायम जोडलेली असणे यांचा उपयोग मात्र त्याहून अधिक होतो.

## आरोग्यविषयक दक्षता

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा छातीत दुखण्याचा पूर्वेतिहास असल्यास, तसेच दीर्घकाळ व्यायाम नसलेल्या ज्येष्ठ व्यक्तींनी, वैद्यकीय सल्ल्यानेच प्रारंभ करावा. सरावात छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर अथवा असाधारण धाप जाणवल्यास त्वरित थांबावे. घरी कोणी नसताना ज्येष्ठांनी तीव्र सराव टाळावा व मोबाइल हाताशी ठेवावा.

'२२० वजा वय' हे कमाल हृदयगतीचे प्रचलित सूत्र केवळ स्थूल अंदाज देते. प्रत्यक्ष आकडा त्याहून दहा-बारा ठोक्यांनी सहज वेगळा असू शकतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील औषधे घेणाऱ्यांची हृदयगती औषधानेच कमी राहते. त्यांनी हे सूत्र न वापरता बोलण्याच्या कसोटीवर भर द्यावा. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींची रक्तशर्करा सरावात व त्यानंतरही उतरू शकते. त्यांनी गूळ-साखर जवळ ठेवावी.

सायकलवर शरीराचा भार सीट पेलते. त्यामुळे गुडघेदुखीच्या अनेक रुग्णांना हा व्यायाम मानवतो. परंतु त्याच कारणाने हाडांना बळकटी देण्यास तो अपुरा पडतो. चालणे, जिने चढणे व स्नायूंना ताण देणारे व्यायाम यांची जोड त्याला द्यावी.

## देखभाल

घामातील क्षारांमुळे हँडलचे बोल्ट, ब्रेकच्या तारा व पुढचे बेअरिंग गंजतात. हँडलवर पंचा टाकणे व सराव संपल्यावर चौकट ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसणे हा साधा उपाय होय. साखळीवरील तेल धूळ धरते, म्हणून जुने तेल पुसून नवे थोडेच घालावे. स्मार्ट ट्रेनरचे मापन दहा मिनिटे चालवून उपकरण तापल्यावर, उत्पादकाच्या सूचनेनुसार पडताळतात. ट्रेनरवर झिजलेला टायर रस्त्यावर नेण्यापूर्वी त्यावर चिरा किंवा सपाट चट्टे नाहीत, याची खात्री करावी.

## मर्यादा

ट्रेनरवर तोल, वळण, ब्रेक, गर्दीतील सावधपणा किंवा हातवारे करून इशारा देणे यांपैकी काहीच शिकता येत नाही. केवळ ट्रेनरवर अनेक महिने सराव केलेल्या व्यक्तीचे पाय रस्त्यासाठी तयार असतात, पण नजर व हात तयार नसतात. रस्त्यावर पुनरागमन करताना रिकाम्या मार्गाने आणि हेल्मेट घालून सुरुवात करावी.

## महाराष्ट्रातील वापर

महाराष्ट्रात पावसाळ्याचे चार महिने व विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळा यांमुळे बाहेरच्या सरावात खंड पडतो. छत्रपती संभाजीनगर येथील हौशी सायकलपटू सुमारे १५ किलोमीटरवरील दौलताबाद व ३० किलोमीटरवरील वेरूळ या दिशेने जातात. दौलताबादचा चढ हा या मार्गाचा कस पाहणारा भाग होय. ट्रेनरवर महिना-दीड महिना नियमित सराव केलेल्या नवख्यास असा चढ मध्येच न उतरता पार करणे, हे मूर्त उद्दिष्ट म्हणून ठेवता येते.

राज्यातील सायकलपटूंनी दीर्घ अंतराच्या स्पर्धांत नाव मिळवले आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये हीच स्पर्धा एकट्याने पूर्ण केली. हौशी सायकलपटूंत ब्रेव्हे हा प्रकार लोकप्रिय आहे. यात २०० किलोमीटर अंतर साडेतेरा तासांत पूर्ण करावे लागते. अशा दीर्घ फेऱ्यांची तयारी करणारे नोकरदार कामाच्या दिवशी ट्रेनरवर लहान सराव व सुट्टीच्या दिवशी रस्त्यावर मोठी फेरी, अशी विभागणी करतात. नवख्यासाठीही हाच मेळ सर्वांत हितावह मानला जातो.

## हेही पहा

- सायकल
- व्यायाम
- हृदयगती
- उष्माघात
- ब्रेव्हे
- दौलताबाद